घरातली आजी थकली की: खान्देशातल्या कॅथलिक कुटुंबासाठी विधी, पेटी, खड्डा आणि कागदपत्रं

खान्देशात कॅथलिक घरं विरळ. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत पिढ्या काढलेली गोव्याकडची आणि मंगळुरी कुटुंबं, नंदुरबार जिल्ह्यातली आदिवासी कुटुंबं, नगरकडून नोकरीनिमित्त आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं, असा हा विखुरलेला समाज आहे. वसईत मयत झाली तर एका फोनवर पेटीवाला, बँड आणि पॅरिशची (स्थानिक चर्चची) माणसं हजर होतात. इथे शवपेटी सुताराला सांगून करून घ्यावी लागते, खड्डा खणणारा शोधावा लागतो आणि फादर नेमके दुसऱ्या गावी मिस्सेला (चर्चच्या मुख्य उपासनेला) गेलेले असतात. त्यात मे महिन्यातलं जळगाव-भुसावळचं ऊन ४५ अंशांच्या आसपास. म्हणून आजी अजून बोलते-चालते आहे तेव्हाच बरीचशी कामं उरकून ठेवावीत.

फादरांना कधी बोलवायचं

सगळ्यात जास्त चूक इथे होते. "फादर आले म्हणजे आता संपलं, आजी घाबरेल," असं म्हणत घरचे थांबतात आणि फादर पोहोचतात तेव्हा श्वास थांबलेला असतो. मृत व्यक्तीला रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) देता येत नाही. फादर तिच्यासाठी प्रार्थना करतील, आशीर्वाद देतील, पण तेल लावणार नाहीत. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये. श्वास खरंच थांबला आहे की नाही याची शंका असेल तर मात्र तेल लावतात, म्हणून "आत्ताच गेली" असं वाटलं तरी फोन करायला कचरू नये.

हा संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच 'रुग्णाभ्यंग' हे नाव अधिक योग्य म्हटलं आणि १९७२ मध्ये त्याचा नवा विधी आला. आजार किंवा म्हातारपण यामुळे जीवाला धोका दिसू लागला की तो घेता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, अगदी आजार नसला तरी वयाने खूप थकवा आला तेव्हाही. बरं वाटून पुन्हा आजारी पडली किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी खालावली, तर पुन्हा घेता येतो. त्यामुळे "एकदा झालंय" म्हणून थांबू नका. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा बेशुद्ध आजीलाही तो देतात; शुद्धीवर असती तर तिने मागितला असता, एवढं पुरेसं धरतात. तो देण्याचा अधिकार फक्त फादरांना किंवा बिशपांना. सिस्टर किंवा पॅरिशने नेमलेले कम्युनियन देणारे सेवक घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) आणू शकतात, तेल लावू शकत नाहीत.

फादर यायच्या आधी पलंगाजवळ छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, पवित्र पाणी, पाण्याचा ग्लास, चमचा आणि थोडा कापूस ठेवा. मेणबत्ती लावायची पद्धत आहे, पण आजीला ऑक्सिजन लावला असेल तर ज्योत नको. सिलिंडर असो की कॉन्सन्ट्रेटर, गादी-चादरीत साठलेल्या ऑक्सिजनमुळे ठिणगीही भडकते. सेलवर चालणारी मेणबत्ती चालेल. श्रवणयंत्र लावून द्या. पापनिवेदन करायचं असेल तर त्या दहा मिनिटांसाठी सगळ्यांनी खोलीबाहेर जावं, पंखा-टीव्ही बंद ठेवावा. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. सलाईनची पट्टी तळहातावर आली असेल तर नर्सला सांगून आधीच बाजूला घ्यायला लावा.

गिळायला त्रास होत असेल तर ख्रिस्तप्रसादाचा अगदी बारीक कण चमचाभर पाण्याबरोबर देतात. तेही जमत नसेल तर पवित्र द्राक्षारसाचे काही थेंब देता येतात, पण त्याची तयारी करावी लागते, म्हणून फोनवरच सांगा. आजारी आणि वृद्ध माणसांना, तसंच त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही, ख्रिस्तप्रसादाआधीच्या तासभराच्या उपवासाचा नियम नाही. शेवटचा ख्रिस्तप्रसाद, ज्याला वियाटिकम म्हणतात, तो खरा प्रवासाचा संस्कार. तेल लागलं पण हा राहून गेला, असं बऱ्याचदा होतं. दोन्ही मागून घ्या.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर फादरांना पोहोचायलाच तास-दोन तास लागतात. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की त्याहून जास्त. तिथे रोग बळावतोय असं दिसलं की लगेच निरोप धाडावा.

ती बोलते आहे तोवर

एका वहीत पुढच्या गोष्टी लिहून घ्या, तिच्याशेजारी बसून. बाप्तिस्मा कुठल्या पॅरिशमध्ये झाला, लग्न कुठे लागलं, माहेरचं नाव काय, कुठली साडी नेसवायची, हातात कुठली जपमाळ द्यायची आणि ती बरोबर जाणार की नातीला मिळणार, कुठली गीतं म्हणायची. शेवटच्या प्रश्नावर घरात भांडणं होतात. आजीला कोकणी गीत हवं असतं, धाकट्या मुलाला इंग्रजी, पॅरिशचा गायकवर्ग मराठी. तिने सांगून ठेवलं की प्रश्न मिटतो.

नावाचा घोळ याहून मोठा. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत 'मारिया', आधारवर 'मेरीबाई', रेशनकार्डावर 'मीराबाई', रेल्वेच्या कुटुंब पेन्शनच्या पुस्तकावर चौथंच काही. ती हयात असताना आधार, बँक आणि पेन्शन या तिन्हींवर एकच नाव करून घेता येतं. ती गेल्यावर वारसांना प्रतिज्ञापत्रांची चळत लावावी लागते.

मृत्युपत्राबद्दलही तेव्हाच बोलावं. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि नवरा हयात असेल, तर एक तृतीयांश त्याला आणि दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान. आजी विधवा असेल तर सगळं मुलांमध्ये सारखं. आधी वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना. "मुलीचं लग्नात दिलं" हे इथे चालत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं, पण दोन साक्षीदारांनी तिला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं हवं, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये, कारण मग त्याची देणगीच बाद होते. चर्चला किंवा शाळेला काही द्यायचं असेल तर जुन्या कलम ११८ च्या अटी आता आड येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम रद्द केलं. आदिवासी कुटुंबाच्या शेतजमिनीचं काय करायचं ते मात्र तहसील कार्यालयात किंवा वकिलाला विचारूनच ठरवा. तिथे जमीन हस्तांतराचे वेगळे निर्बंध आहेत.

पहिला तास

घरी मृत्यू झाला तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. शेवटच्या आजारात ज्यांनी पाहिलं, त्यांनीच मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ, रुग्णालयासाठी नमुना ४. त्याला पैसे पडत नाहीत. आजी पडून खुबा मोडला आणि त्यानंतर काही दिवसांनी गेली, तर प्रकरण पोलीस नोंदीचं होऊ शकतं आणि शवविच्छेदनही लागू शकतं. म्हणून पडल्याचं लपवू नका. माती देताना अडवणूक झाली तर जास्त त्रास.

डॉक्टर येईपर्यंत डोळे मिटवा. कवळी काढलेली असेल तर लगेच बसवा. दोन-चार तासांत ताठरपणा येतो, आधी पापण्यांना आणि जबड्याला, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. मग तोंड उघडत नाही आणि चेहरा ओळखू येत नाही. हनुवटीखाली गुंडाळलेला छोटा टॉवेल ठेवा किंवा रुंद पट्टीने जबडा डोक्यावरून बांधा. सुतळी वापरू नका, वळ उठतो. हात छातीवर घ्यायचे असतील तर तेही आत्ताच, मनगटं सैल पट्टीने एकत्र बांधून. डोक्याखाली उशी ठेवा, नाहीतर चेहरा काळवंडतो. नेत्रदान करायचं ठरलं असेल तर पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं यायला हवीत. चर्चची त्याला हरकत नाही.

अंग पुसताना कोमट पाणी आणि दोन-तीन सुती फडकी पुरतात. घरातल्या बायकाच करतात. एकीने कूस धरायची, दुसरीने पुसायचं. कुशीवर वळवलं की पोटातलं बाहेर येऊ शकतं, म्हणून आधी प्रौढांचा डायपर लावा. नाकात-कानात कापूस घाला, पण बाहेर दिसेल इतका नको. साडी नेसवण्यापेक्षा निऱ्या आधीच शिवून ठेवलेली साडी वरून घालणं सोपं पडतं; ब्लाऊज पाठीवर उभा कापून पुढून चढवतात. सोनं काढून दोघांच्या समोर मोजून एका कागदावर लिहा.

ऊन आणि शीतपेटी

दुबई किंवा मुंबईहून कोणी येणार असेल तर शीतपेटी लागतेच. जळगाव, धुळे, भुसावळला त्या भाड्याने मिळतात. तालुक्याच्या गावात अँब्युलन्सवाल्यालाच विचारा. पेटी घ्यायच्या आधी तीन गोष्टी पाहा: झाकणाचं रबर फाटलेलं नाही ना, पाणी निचरायची नळी आहे ना आणि पंधरा मिनिटांत आत गार लागतं ना. तिला स्वतंत्र १५ अँपिअरचा प्लग द्या. वायर लांबवून मंडपाच्या फोकसच्याच बोर्डवर लावली की रात्री फ्यूज उडतो. घरचा छोटा इन्व्हर्टर तिला पेलत नाही. भारनियमनाच्या भागात जनरेटर सांगून ठेवा. शरीर आत ठेवताना कोरडं असावं. दर वेळी कोणी आलं की झाकण उघडणं बंद करा. काचेतून दर्शन घेऊ द्या, काचेवर वाफ आली तर बाहेरून पुसा. पेटीवर मेणबत्ती नको, समई नको.

शीतपेटी मिळालीच नाही तर लाकडी फळ्यांवर शरीर, खाली परातीत किंवा घमेल्यात बर्फाच्या लाद्या, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिशव्यांत बंद केलेला बर्फ. सगळ्यात आधी पोट बिघडतं, म्हणून पाय-डोक्यापेक्षा तिथे लक्ष द्या. उघडा बर्फ थेट कपड्यावर ठेवला की साडी भिजते आणि तासाभरात वास सुटतो. एवढ्यावर उन्हाळ्यात रात्र निघते, त्याहून जास्त धरू नये. दोन दिवसांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर एम्बामिंगचाच (औषधं भरून शरीर टिकवण्याचा) विचार करावा. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात शरीररचना विभागाकडे चौकशी करा, मृत्यूच्या कारणाचा कागद हातात ठेवून. आमचं मत विचाराल तर, परदेशातल्या मुलासाठी चार दिवस थांबण्यापेक्षा त्याला व्हिडिओवर मिस्सा दाखवावी आणि महिन्याच्या मिस्सेला बोलवावं.

शवपेटी

सुताराला "साधारण बाईमाणसाची" असं सांगू नका, टेपने माप घ्या. उंचीत ६ इंच मिळवा, खांद्यांच्या रुंदीत ३ ते ४ इंच. पाच फुटांच्या आजीला आतून साडेपाच फूट लांब, खांद्यापाशी २० इंच रुंद आणि १४ इंच खोल पेटी पुरते. आठ बाय चारच्या दोन प्लायशीट लागतात: १८ मिलिमीटरच्या शीटमधून तळ आणि झाकण, १२ मिलिमीटरच्या शीटमधून बाजू. तळाखाली तीन आडव्या पट्ट्या ठोकायला सांगा. सगळं वजन तळावर येतं, आणि बाजूंतून खिळे मारून जोडलेला तळ उचलताना सुटतो. म्हणून खिळे नकोत, दोन इंची स्क्रू हवेत. कड्या तीन जोड्या, लाकडात आरपार बोल्टने बसवलेल्या. आतून पाच-सहा मीटर पांढरं सुती कापड आणि खाली भुशाची किंवा कापसाची पातळ गादी. झाकणावर क्रूस.

हे काम एका सुताराला पाच-सहा तासांचं आहे, म्हणून सकाळी गेली आणि संध्याकाळी माती द्यायची असेल तर पहिल्या तासातच निरोप जायला हवा. आणि दार मोजा. जुन्या रेल्वे क्वार्टरच्या जिन्यावर पेटी वळत नाही. तसं असेल तर शरीर चादरीवर खाली आणून अंगणात पेटीत ठेवा. उभी करून उतरवू नका.

खड्डा

आधी जागा ठरवा. काही गावांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कब्रस्तानं वेगळी आहेत, काही ठिकाणी एकच. कॅथलिकांची स्वतंत्र भूमी नसेल तरी दफन होतं. फादर तेवढी कबर आशीर्वादित करतात. पण तिथल्या समितीची परवानगी लेखी घ्या, आदल्या पिढीतल्या ओळखीवर जाऊ नका.

साडेसहा ते सात फूट लांब, अडीच ते तीन फूट रुंद, पाच ते सहा फूट खोल. तापीकाठच्या काळ्या कसदार मातीचे दोन स्वभाव आहेत. उन्हाळ्यात ती दगडासारखी घट्ट होते आणि तिला भेगा पडतात. आदल्या संध्याकाळी आखून आळं करून पाणी भरून ठेवलं तर सकाळी कुदळ चालते. पावसाळ्यात ती फुगते आणि कडा आत ढासळतात. तेव्हा आदल्या रात्री खणू नका, त्याच सकाळी खणा, कडेला फळ्या लावून आडवे टेकू द्या, पाणी उपसायला बादल्या आणि दोर ठेवा. काढलेली माती कडेपासून तीन फूट लांब टाकायची. लोक नेमके त्या ढिगाऱ्यावर चढून वाकून बघतात आणि कडा खचते, तेव्हा एक माणूस फक्त गर्दी मागे ठेवायला उभा करा.

पेटी सोडायला काथ्याचे किंवा जाड सुती दोर, वीस-पंचवीस फुटी, तीन. नायलॉन हातातून सरकतो. खड्ड्यावर दोन भक्कम आडव्या फळ्या, त्यावर पेटी, मग दोरावर तोलून फळ्या काढायच्या. सहा माणसं, आणि मोजणारा एकच. डोक्याकडची बाजू आधी खाली गेली की पेटीत आवाज होतो आणि सगळ्या आयाबायांना रडू फुटतं, एवढं टाळा. शेवटी माती फूट-दीड फूट वर उंच ठेवा. पहिल्या पावसात ती बसते.

दहनाचं विचाराल तर, १९६३ पासून चर्चने त्याला परवानगी दिली आहे. श्रद्धा नाकारण्यासाठी ते निवडलेलं नसावं इतकीच अट. मात्र २०१६ च्या सूचनेप्रमाणे अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, वाटून घ्यायच्या नाहीत, घरात ठेवायच्या नाहीत. पवित्र जागेत पुरायच्या. शेजारचे "रामकुंडावर नेऊ" म्हणाले तर प्रेमाने नाही म्हणा.

मिस्सा

गुड फ्रायडेला किंवा पवित्र शनिवारी मयत झाली तर दफनविधी होतो, मिस्सा होत नाही; पवित्र गुरुवारी, आगमनकाळ, उपवासकाळ आणि पुनरुत्थानकाळाच्या रविवारी, आणि हुकमाच्या (मिस्सेला जाणं बंधनकारक असलेल्या) सणांनाही दफनाची मिस्सा नसते. ती नंतर म्हणता येते. चर्चमध्ये पेटी ठेवताना आजीचे पाय वेदीकडे. पास्का मेणबत्ती (ईस्टरला पेटवतात ती मोठी मेणबत्ती) पेटीजवळ.

वाचनं घरच्यांनी निवडायची असतील तर आदल्या संध्याकाळी फादरांना सांगा. ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय, रोमकरांस आठवा, योहान अकरावा किंवा चौदावा, स्तोत्र तेवीस. इथे एक फसगत होते: घरातलं बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' घेऊन नातू वाचायला उभा राहतो आणि त्यात ज्ञानग्रंथ सापडत नाही, कारण प्रोटेस्टंट आवृत्तीत तो नसतो. चर्चचा वाचनग्रंथच वापरा आणि वाचणाऱ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.

प्रवचनात गुणगान करायचं नसतं, असा चर्चचा नियमच आहे. घरच्यांचे दोन शब्द कम्युनियननंतरच्या प्रार्थनेनंतर येतात. एकच माणूस, तीन-चार मिनिटं, म्हणजे ४०० शब्द. "प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक" असं लिहू नका. तिने काय केलं ते लिहा. कुठल्या साली सून होऊन आली, नवऱ्याची नाईट ड्यूटी असताना मुलं कशी सांभाळली, रोज संध्याकाळी कितीला माळ म्हणायची, कोणत्या शेजारणीचं बाळंतपण केलं, कळण्याची भाकरी कोणासाठी बाजूला ठेवायची. गावाची आणि माणसांची नावं आली की ऐकणाऱ्यांना आजी दिसते. नातेवाइकांत प्रोटेस्टंट आणि हिंदू बरेच असतात; कम्युनियनला रांगेत कोण यायचं ते फादरांना आधी थोडक्यात सांगायला सांगा, म्हणजे कोणाला वेदीसमोर परतावं लागत नाही.

नोंद

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, राहतं गाव कुठलंही असो. आजी नाशिकच्या रुग्णालयात वारली आणि माती चोपड्याला दिली, तर नोंद नाशिकला. गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), शहरात नगरपरिषदेत किंवा महापालिकेत. २१ दिवसांत विनाशुल्क. त्यानंतर शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. अर्ज भरताना नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच द्या आणि छापील प्रत तिथेच उभं राहून वाचा. दहा मूळ प्रती घ्या. पॅरिशच्या मृत नोंदवहीतही लिहून घ्या. ती वेगळी नोंद आहे आणि सरकारी दाखल्याच्या जागी चालत नाही.

पेन्शनच्या खात्यातून एटीएमने पैसे काढू नका. मृत्यूनंतर जमा झालेली जादा रक्कम बँक परत घेते. दाखला देऊन कळवा, शिल्लक थकबाकी वारसाला मिळते. सात-बारावर वारस नोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) तीन महिन्यांत द्यायचा.

त्यानंतर

सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षश्राद्धाची मिस्सा पॅरिश कार्यालयात आधीच लिहून ठेवा. एका मिस्सेला एक हेतू (ज्यासाठी ती मिस्सा अर्पण होते तो), त्याची देणगी वेगळी. ग्रेगोरियन मिस्सा म्हणजे एकाच मृतासाठी सलग तीस दिवस रोज एक मिस्सा; त्या छोट्या पॅरिशला झेपत नाहीत, नाशिकला विचारा. १ ते ८ नोव्हेंबर कब्रस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याची विशेष परंपरा आहे. २ तारखेला फादर कबरींना आशीर्वाद देतात, त्याआधी गवत काढून घ्या.

पक्की कबर लगेच बांधू नका. काळी माती एक पूर्ण पावसाळा बसू द्या. घाईने केलेलं सिमेंट पहिल्याच वर्षी मधोमध तडकतं. तोवर लाकडी क्रूस आणि नावाची पाटी पुरे. फरशीवर कोरताना जन्मतारीख आधारवरून घेऊ नका. त्या पिढीतल्या बहुतेकांची तिथे १ जानेवारी किंवा १ जून टाकलेली असते. खरी तारीख बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडते, आणि पॅरिशला पत्र लिहून तिचा उतारा मागवता येतो.